शेजारी कुणी नसताना वाजणारी टिचकी

माझ्या सासूबाई मोटार हाकतात. गाडी चालवते असं त्या म्हणत नाहीत आणि कार हा शब्द तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. मोटार, आणि ती हाकायची. धारला त्या एकट्या राहतात. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि दर गुरुवारी सकाळी आपली जुनी, छोटी, पांढरी मोटार काढून गंधवानीला जातात. तिथे त्यांच्याबरोबर नोकरी केलेली एक मैत्रीण आहे. तिला कंबरेच्या दुखण्यामुळे घराबाहेर पडता येत नाही. दोघी जेवतात, पत्ते खेळतात, भांडतात, आणि उजेड आहे तोवर सासूबाई घरी परततात. पत्त्यांत दोघीही लबाडी करतात असा माझा दाट संशय आहे.

आम्ही देवासला असतो. तिथल्या एका कारखान्यात मी गिअर तपासायच्या विभागात आहे. गिअर फिरवायचा, कान द्यायचा आणि आवाज बरोबर आहे की नाही ते सांगायचं. आता त्यासाठी यंत्रं आली आहेत, पण यंत्रानं नापास केलेला माल शेवटी माझ्याच पुढ्यात येतो. माझ्या कानांचा मला अभिमान आहे. आणि मी तापट आहे. हे मी कबूल वगैरे करत नाहीये, नुसतं सांगतेय, कारण या प्रकरणात जे काही चांगलं झालं ते माझ्या रागामुळेच झालं.

सुरुवात झाली दिवाळीनंतर. सासूबाईंनी फोनवर माझ्या नवऱ्याला सांगितलं की मोटारीच्या पुढच्या अंगाला, डावीकडे, खालून कुणीतरी टिचकी मारतंय. त्यानं विचारलं, म्हणजे खडखड होते का? तर म्हणाल्या, खडखड नव्हे, टिचकी. आता माझा नवरा शिकला हिंदी शाळेत. मराठी फाडफाड बोलतो, पण मराठी पेपर हातात दिला तर अक्षर अक्षर लावत बसतो. टिचकी ऐकली आणि त्याच्या डोक्यात चुटकी वाजली. त्यानं धारच्या गॅरेजवाल्याला फोन करून हिंदीत सांगितलं की आईची गाडी चुटकी वाजवते. गॅरेजवाला हसला असणार, पण माणूस सरळ, तो घरी येऊन गेला.

त्यानं मोटार फिरवून पाहिली. शेजारी अर्थातच सासूबाई, कारण त्या मोटारीची किल्ली एकट्यादुकट्या परक्या माणसाच्या हाती देत नाहीत. टिचकीचं नाव नाही. मग त्यानं डावं चाक जॅकवर उचललं, हलवलं, खालून ठोकून पाहिलं आणि "कुछ नी है, माताजी" म्हणून निघून गेला. दोन दिवसांनी सासूबाईंचा पुन्हा फोन. टिचकी आहेच. पुन्हा गॅरेजवाला, पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी नवऱ्यानं गॅरेजवाल्याला फोन केलाच नाही, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयामुळे थोडं कमी ऐकू येतं, काळजीचं कारण नाही. नवऱ्याला तेवढंच पुरे झालं. त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं, की नसलेलं ऐकू येतं, ते एकदा ठरवून घ्या. दोन्ही नको." मला मनातून हसू आलं. नवऱ्याला आलं नाही.

त्याला मी खलनायक करणार नाही. गंधवानीचा रस्ता चढउतारांचा आहे, मधे मोबाईलला रेंज नसते, आणि आई एकटी. गुरुवारी त्याचं कामात लक्ष नसतं, जेवणाचा डबा तसाच परत येतो. वर्षभर तो आईचं मोटार हाकणं थांबवायला निमित्त शोधत होता आणि टिचकीनं ते त्याच्या हातात आणून ठेवलं. सासूबाई गप्प बसल्या असत्या तर कुणी काही विचारलं नसतं. पण मोटारीची निगा राखणारी बाई, काहीतरी बिघडतंय हे तिला कळलं आणि तिनं सांगितलं. तेच तिच्या अंगाशी आलं. याची मला सगळ्यात जास्त चीड येत होती.

शेवटी ठरलं ते असं. शनिवारी आम्ही दोघं धारला जाणार. आवाज मी ऐकणार. ऐकू आला तर दुरुस्त करायचा. नाही आला तर मोटार विकायची आणि आईंनी कायमचं देवासला यायचं. हे सगळं नवऱ्यानं फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सूनबाईचे कान मला मान्य आहेत." म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं. असलं न्यायाधीशपण मी मागितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पोचलो, चहा घेतला आणि लगेच निघालो. सासूबाई हाकायला, मी शेजारी. इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. मोटार हाकणाऱ्याच्या शेजारची जागा आमच्यात कुणी रिकामी ठेवत नाही. मागे बसलं की पुढचा माणूस ड्रायव्हर ठरतो, आणि घरच्या माणसाला, त्यातून वडीलधाऱ्या बाईला ड्रायव्हर करायचं म्हणजे तोंडावर अपमान. सासऱ्यांच्या घराण्यात तीन पिढ्या संस्थानच्या नोकरीत गेल्या. नोकरी गेली, संस्थान गेलं, पण कुणी कुठे बसायचं हे काही गेलं नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी एकदा चुकून मागचं दार उघडलं होतं, तेव्हा सासऱ्यांनी मला फार प्रेमानं पुढे बसवलं होतं. त्यानंतर ती चूक मी केली नाही.

तर मी शेजारी बसले. सासूबाईंच्या गल्लीत सिमेंटचे ठोकळे बसवलेले आहेत, त्यांच्यावरून चाक जातं तेव्हा मोटारीचं खालचं सगळं बोलतं. मी डोळे मिटले. काही नाही. किल्ल्याकडच्या रस्त्याला खड्डे शोधून शोधून त्यांतून नेली. काही नाही. मग नवरा हाकायला आणि मी शेजारी. मग मी हाकायला आणि नवरा शेजारी. टायरचा आवाज, इंजिनाचा आवाज, नवऱ्याच्या तोंडाचा आवाज, आणि टिचकी मात्र नाही. घरी येऊन मी पुढचं बॉनेट दोन्ही हातांनी दाबून सोडून पाहिलं. मोटार एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली. म्हणजे धक्के झेलणारा शॉकर ठीक.

मी सांगितलं की आवाज नाही. मी खोटं बोलले नव्हते, आवाज खरंच नव्हता.

सासूबाई वाद घालायला उभ्या राहतील, डोळ्यांत पाणी आणतील, काहीतरी करतील असं वाटलं होतं. त्या आत गेल्या आणि कुकर लावला. जेवताना नवऱ्यानं हळूहळू सुरुवात केली. देवासची पूर्वेची खोली मोकळी करू, टेकडीवर देवीला जायला आम्ही रोज सोबत येऊ, दवाखाना जवळ आहे. सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, "आणि गुरुवार?" तो म्हणाला की तू व्हिडिओ कॉल कर ना, रोज कर, गुरुवारच कशाला. त्यावर त्या म्हणाल्या, "व्हिडिओवर पत्ते कसे पिसायचे?" आणि ताट उचलून गेल्या. ही बाई कुणापुढे हात पसरणारी नाही, आणि तिच्या हातातला गुरुवार माझ्या कानांच्या भरवशावर काढून घेतला जात होता.

रविवारी सकाळी मी उठले तर सासूबाई साडी नेसून, किल्ली हातात घेऊन पोर्चमध्ये उभ्या. पोहे-जिलबी आणायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, चल, अजून मोटार माझी आहे. मी चपला घातल्या. इथवर सगळं ठीक होतं. मग दार उघडता उघडता त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "तुझाही दोष नाही गं. तुझे कान त्या कारखान्यानं खाल्ले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला काहीही बोला. माझ्या भाजीला नावं ठेवा, माझ्या माहेरच्या माणसांना ठेवा, पण माझे कान? ज्यांच्यावर मी इतकी वर्षं पगार घेतला ते कान? मी पुढच्या दारावरचा हात काढला, मागचं दार उघडलं, त्यांच्या बरोब्बर पाठीमागे जाऊन बसले आणि दार असं आपटलं की समोरच्या घराच्या खिडकीत एक डोकं आलं.

सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मी काय तुझी ड्रायव्हर?"

"आज तसंच समजा," मी म्हटलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं उत्तर मी त्यांना कधी दिलं नव्हतं. त्यांनी मोटार सुरू केली. मोटार गल्लीतल्या ठोकळ्यांवर आली आणि डावीकडून, पुढून, खालून कुणीतरी टिचकी मारली.

टक. थोडं पुढे, पुन्हा टक. कोरडी, बारीक, अगदी नखानं रिकाम्या डब्याच्या कडेवर मारावी तशी. खडखड नव्हे, ठकठक नव्हे. टिचकी. मराठीत त्या आवाजाला दुसरा शब्द नाही आणि माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून तोच वापरला होता. त्या आरशातून माझं तोंड बघत होत्या. ऐकलंस का, असंही त्यांनी विचारलं नाही.

मी म्हटलं, आई, थांबवा. उतरले, पुढे त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, पुन्हा त्याच गल्लीतून न्या. टिचकी बंद. पुन्हा उतरले, मागे बसले. टिचकी सुरू. समोरच्या खिडकीतल्या डोक्याला तोवर सोबत मिळाली होती, दोन डोकी झाली होती. बघू देत. आमच्या कारखान्यात प्रत्येक गिअर दोनदा ऐकतात, एकदा रिकामा फिरवून आणि एकदा लोडवर, कारण काही आवाज रिकाम्यातच बोलतात आणि भार पडला की गप्प होतात. हे मी नव्या मुलींना शिकवते. आणि इथे मी आदल्या दिवशी, घरच्या रितीप्रमाणे, त्या डाव्या चाकावर स्वतःचा भार टाकून आवाज शोधत बसले होते.

गॅरेजवाला आला तेव्हा शेजारी सासूबाई. नवरा हाकत होता तेव्हा शेजारी मी. सगळेच मान राखून शेजारी बसत होतो आणि आवाज दाबत होतो.

मी हे सगळं भडाभडा सांगितलं. सासूबाई स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एकटी असते तेव्हाच वाजते."

"हो आई. तेव्हाच."

"मग तुम्हाला कुणाला कशी ऐकू येणार," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पदरानं पुसला. मला रडूच आलं. राग कुठल्या कुठे गेला होता. आम्ही पोहे-जिलबी घेतली, पुडा डाव्या सीटवर ठेवला. जिलबीच्या वजनानं टिचकीला काहीही फरक पडला नाही.

घरी नवरा दात घासत होता. मी त्याला तसाच, तोंड धुवायला लावून, मोटारीत कोंबला. मागे. तो म्हणायला लागला की आई पुढे एकटी, बरं दिसत नाही. मी म्हटलं, बरं दिसण्यापायीच सगळ्याची वाट लागलीये, बस. एवढा उंच माणूस, गुडघे पोटाशी घेऊन आईच्या पाठीमागे बसला. गल्लीच्या टोकाला जाऊन मोटार परत आली तेव्हा तो उतरला आणि बराच वेळ चाकाकडे बघत उभा राहिला. आईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

आता आवाज हाती लागला होता, तेव्हा तो कुठून येतो ते शोधणं माझं काम. सासूबाईंना हाकायला लावलं आणि मी मागे बसून हुकूम सोडत गेले. चालत्या मोटारीत ब्रेकवर हलका पाय ठेवा, म्हटलं. टिचकी तशीच, म्हणजे ब्रेक नाही. मोटार उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. काही नाही, म्हणजे शॉकरच्या वरची बैठक नाही. मोठा खड्डा घ्या. खालून धप्पदिशी आवाज आला नाही. करकरत नाही, म्हणजे सांध्यांतले रबरी बुशही बरे आहेत. फक्त बारीक बारीक उंचवटे आणि हळू वेग, तेवढ्यातच ती बोलते. मग माझ्या मनात एकच नाव उरलं. लिंक रॉड.

लिंक रॉड म्हणजे चाकाजवळ उभी असलेली एक बारीकशी लोखंडी काडी. मोटार वळताना एका अंगाला कलू नये म्हणून दोन्ही चाकांच्या मधे खालून एक आडवा दांडा असतो. त्या दांड्याला शॉकरशी जोडते ती ही काडी. तिच्या दोन्ही टोकांना एकेक गोळा असतो, खोबणीत बसलेला. खोबण झिजली की गोळा आत हलतो आणि टिचकी मारतो. भार बदलला की काडीचा कोन किंचित बदलतो आणि गोळा न झिजलेल्या जागी टेकतो, मग गप्प. सासूबाई एरवी एकट्याच मोटारीत, तेव्हा खोबण झिजली ती त्या एकटीच्या वजनाच्या जागीच. आणि एकच चाक जॅकवर उचललं की तो आडवा दांडा पिळला जातो, काडी ताणून धरतो. त्यामुळे गॅरेजवाल्याला तिच्यात ढिलेपणा दिसला नाही. त्याला तरी काय बोलणार, मी कानांचं खाते आणि मला ऐकू आलं नव्हतं.

म्हणून मी चाक उचललंच नाही. चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. स्टिअरिंग पूर्ण वळवून घेतलं म्हणजे चाकामागे हात जायला जागा होते. नवऱ्याला म्हटलं, बॉनेटचा कोपरा हलकेच दाब आणि सोड, दाब आणि सोड. मी जमिनीवर बसून हात आत घातला आणि बोटं काडीच्या वरच्या टोकाशी ठेवली. दुसऱ्याच दाबाला माझ्या बोटांना टिचकी बसली.

सासूबाई म्हणाल्या, मला बघू दे. मी म्हटलं, आई, गुडघे दुखतील. त्यांनी ऐकलं नाही. साडीचा काचा खोचून पोर्चच्या फरशीवर बसल्या, बांगड्या वर सारल्या आणि माझ्या बोटांच्या जागी आपली बोटं ठेवली. नवऱ्यानं दाबलं, सोडलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"हीच," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वर बघून, "तू पण लाव हात."

त्यानं लावला. बॉनेट मी दाबलं.

नवी काडी आणायला नवऱ्यालाच पिटाळलं. दोन आण, म्हटलं, दोन्ही बाजूंच्या, एक झिजली की दुसरी मागोमाग जातेच. तो येईस्तोवर मी नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं आणि पोहे खाल्ले. मग चाकांचे नट जमिनीवरच सैल करून घेतले, मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढच्या दोन्ही बाजू सारख्या उचलून मोटार लोखंडी स्टँडवर बसवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली मी हातसुद्धा घालत नाही आणि कुणी घातला तर ओरडते.

खालचा नट मुकाट्यानं निघाला. वरचा म्हणजे महा हट्टी. पाना फिरवावा तर नटाबरोबर आतला बोल्टही गरागरा फिरतो. मग त्या बोल्टच्या टोकाला जे सहाकोनी भोक असतं त्यात तशीच सहाकोनी किल्ली घालून तो धरायचा आणि पाना वेगळा फिरवायचा. दोन हात कमी पडतात. पाना एकदा सटकला, माझी बोटं कडेवर सोलून निघाली आणि माझ्या तोंडून माळवी बोलीत असं काही बाहेर पडलं की सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. त्या स्टूल टाकून बसल्या होत्या आणि मागेन तो पाना देत होत्या. म्हणजे, मागेन त्याच्या शेजारचा. पण इतक्या ऐटीत देत होत्या की दोनदा मी तोच लावून पाहिला. शेवटी किल्ली नवऱ्यानं धरली, पाना मी लावला, आणि नट कुरकुरत सुटला.

जुनी काडी मी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी गोळा बोटानं हलवला. टक. पुन्हा हलवला. टक. नव्या काडीचा गोळा हलवायला अंगठ्याचा जोर लागत होता आणि तो आवाज न करता हलत होता. एवढाच फरक. एवढ्या फरकापायी एका बाईचं घर हलणार होतं.

उजवीकडचीही बदलली. चाकं चढवली, मोटार खाली घेतली, नट पुन्हा आवळले. हात धुवायला मी नळाकडे वळले तर नवरा म्हणाला की आता मी आईबरोबर एक चक्कर मारून बघतो. मागे बसतो, म्हणाला, शेजारी नाही. स्वतःच्या समजूतदारपणावर खूश होता.

मी म्हटलं, नाही. आमच्याकडे नियम आहे, तक्रार ज्या अवस्थेत आली त्याच अवस्थेत माल पुन्हा तपासायचा. तक्रार आली तेव्हा मोटारीत एकच माणूस होतं. आता तेच एक माणूस बसेल.

त्याचा चेहरा उतरला. त्याला हेच नको होतं, आणि हे सगळं याच्यासाठीच होतं, दोन्ही मला माहीत होतं. तो म्हणाला की आवाज खरा होता, मान्य, पण म्हणून तिचं वय खोटं होत नाही. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. मग मीच बोलले.

"आईंना भास होत नव्हते. मोटारीत काय झिजलंय ते त्यांना आपल्या दोघांच्या आधी कळलं, आणि त्यांनी ते बरोबर शब्दात सांगितलं. अशा माणसाच्या हातून किल्ली काढून घ्यायची असेल तर तू काढ. मी नाही काढणार."

तो गेला आणि फाटक त्यानं स्वतः उघडलं, दोन्ही दारं. सासूबाई बसल्या, आरसा नीट केला, आणि गेल्या.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं होतं. त्या टोकाला वळल्या त्या दिसेनाशा झाल्या. नवरा फाटकात. मी हात धुतले, बोटांना हळद लावली, अवजारं आवरली, तरी तो फाटकात. फोन काढायचा, खिशात ठेवायचा. मी म्हटलं, चहा टाकू का? त्याला ऐकू आलं नाही. बाहेरून मी मोठ्या ऐटीत होते, आतून नाही. मी एवढं बोलून बसले होते, आता त्यांना नुसतं खरचटलं असतं तरी मी कुणाला तोंड दाखवणार होते?

बऱ्याच वेळानं पांढरी मोटार गल्लीत शिरली. ठोकळ्यांवरून सावकाश आली आणि फाटकाशी थांबली. मांडवच्या रस्त्याला जाऊन आल्या होत्या. चांगली गुळगुळीत सडक सोडून कडेकडेच्या मातीतून नेली, म्हणाल्या, म्हणजे खात्री होते.

"गेली," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं श्वास सोडला तो मला पोर्चमध्ये ऐकू आला. सासूबाई सीटवरून तिरक्या झाल्या, हात लांबवला आणि आतून डावं दार उघडलं.

"ये," त्या त्याला म्हणाल्या. "आता बस शेजारी."

तो बसला. मी पुढे आले तर काच खाली करून मला म्हणाल्या, "तू मागे बस. तुला तिथून चांगलं ऐकू येतं." मुकाट्यानं मागे बसले, दार हळू लावलं.

मोटार ठोकळ्यांवरून निघाली. तिघंही कान देऊन होतो आणि ऐकायला काही नव्हतं. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. नवरा समोर बघत होता. मग त्यानं विचारलं, "गुरुवारी किती वाजता निघतेस?"

"ऊन व्हायच्या आत."

"पोचल्यावर फोन कर."

"पहिला डाव झाला की करीन," सासूबाई म्हणाल्या आणि मोटारीचा गिअर बदलला.